दहा काचा, एक बेट

९ मार्च २०२४, शनिवार

पेटी आली. चार बाय पाच इंचांच्या दहा काचा, काळ्या कागदात गुंडाळलेल्या. जिलेटिनचा लेप दिलेल्या ड्राय प्लेट, म्हणजे फिल्मऐवजी कॅमेऱ्यात घालायच्या काचा. उजेडाची संवेदनशीलता २. साधी फिल्म १०० किंवा ४०० ची असते, यावरून समजावं. भर उन्हात एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवून, अर्धा सेकंद (एफचा आकडा लहान तसं छिद्र मोठं). तेवढ्यात माणूस शिंकूनही घेतो.

दहाच घेतल्या, कारण किंमत.

काम असं आहे. मी राहते त्या, न्यूयॉर्कच्या बंदरातल्या स्टेटन आयलंड बेटावर ॲलिस ऑस्टिन नावाची बाई होऊन गेली, १८६६ ते १९५२. तिने सुमारे आठ हजार फोटो काढले, त्यातले बहुतेक काचेवर. बेटावरचं तिचं स्वतःचं जग, आणि फेरीबोटीने पलीकडे जाऊन बदलतं न्यूयॉर्क. तिने जिथे कॅमेरा लावला तिथे, निदान त्याच्या आसपास, मी दहा काचा खर्च करायच्या आणि सोबतचा मजकूर आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाला द्यायचा. संपादक ताईंनी ३० सप्टेंबर सांगितलीय. "जरा आपल्या लोकांना कळेल असं लिही हं," हेही सांगितलंय.

१० मार्च, रविवार

घड्याळ आज एक तास पुढे. सकाळ गेलीच.

ॲलिस काचेच्या पाकिटावर टिपणं लिहायची. एक टिपण मी पाठच केलंय. ६ ऑगस्ट १८९१, गुरुवार, रात्री अकरा. ट्रूड आणि मी, मुखवटे, तोकडे परकर. गॅस चालू, फ्लॅश. स्टॅन्ली ३५. वॉटरबरी लेन्स. ११ फूट.

बस्स. कसं वाटलं, का काढला, काही नाही. फोटोत दोन तरुण मुली पेटीकोटवर, केस मोकळे, तोंडावर मुखवटे, ओठांत सिगारेट. खोली ट्रूड एकल्स्टनची, आणि ट्रूड म्हणजे पाद्रीबाबांची मुलगी! सगळा दंगा चित्रात, आणि पाकिटावर फक्त हिशेब. 'स्टॅन्ली' म्हणजे काचेचा कारखाना. ते जुळे स्टॅन्ली बंधू पुढे वाफेच्या मोटारी करून जास्त प्रसिद्ध झाले.

ठरलं. माझ्याही प्रत्येक काचेला पाकीट आणि पाकिटावर फक्त हिशेब. बडबड इथे, या वहीत.

१६ मार्च, शनिवार

काच १. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचं लाँड्रीचं दुकान. एफ ८, पाव सेकंद. चाचणी म्हणूनच घेतली आणि बरं झालं.

न्हाणीघरात लाल दिवा, टबवर फळी, तीन ट्रे. या काचेला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे लाल उजेडात निवांत काम करता येतं. पाच मिनिटं चित्र उमटवणारा डेव्हलपर, मग ते पक्कं करणारा हायपो. काचेवर दुकान उमटताना बघितलं आणि दाराबाहेर उभ्या नवऱ्याला हाक मारली. त्याने दार उघडलं! नशीब, तोवर हायपो झाला होता.

पण चित्र भुरकट, आणि संपर्क-छपाई केली, म्हणजे काच कागदावर टेकवून छापलं, तर दुकानाची पाटी उलटी. काकांना व्हिडिओ कॉल लावला. काका आमचे कोणी नातलग नाहीत. मंडळातल्या एकाचे वडील. कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळच्या एका स्टुडिओत त्यांनी उभी हयात डार्करूम सांभाळली, आता मुलाकडे न्यू जर्सीत असतात आणि कंटाळतात.

"काच उलटी घातलीस की गं," पाच सेकंदांत निदान. "लेप मागं गेला. उजेड आधी काचेतनं गेला, मग लेपावर. फोकस हालणारच."

"अंधारात कळणार कसं काका?"

"कोपरा ओठाला लावायचा. चिकटला की ती लेपाची बाजू."

२३ मार्च, शनिवार

दिवसभर मुसळधार. बाहेर काम शक्य नाही, म्हणून वाचन.

ॲलिसचं घर क्लिअर कम्फर्ट. मुळात १६९० च्या सुमाराचं डच शेतघर. तिच्या आजोबांनी १८४४ मध्ये घेतलं. समोर नॅरोज, म्हणजे न्यूयॉर्क बंदराचा गळा. येणारंजाणारं प्रत्येक जहाज अंगणासमोरून. वडील तिच्या जन्माआधीच सोडून गेले, आई तिला घेऊन माहेरी आली, आणि ॲलिसने वडिलांचं आडनाव कधी लावलं नाही. म्हणजे आजोळची एकुलती एक नात. मामा, मावशी, सगळ्यांची लाडकी. मावशीचे यजमान ऑस्वाल्ड म्यूलर डॅनिश कप्तान. १८७६ च्या सुमारास त्यांनी एक कॅमेरा घरी आणला, तेव्हा ती दहा वर्षांची. पीटरमामा रसायनशास्त्राचा प्राध्यापक, त्याने रसायनं शिकवली. वरच्या मजल्यावरच्या एका कोठीची डार्करूम झाली.

पण त्या कोठीत नळ नव्हता. हायपोतून काढलेल्या काचा घेऊन ती जिना उतरायची आणि अंगणातल्या हातपंपाखाली धुवायची. एकेक काच पंचवीस-पंचवीस पाण्यांतून. जानेवारीतसुद्धा. इथला जानेवारी मी बघितलाय. नळ उघडून मी कुरकुरते, "पाणी गार आहे."

तिला पैशासाठी काम करण्याची गरज नव्हती हे खरं. पण हौशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रविवारची छत्री-टोपी येते. पन्नास पौंडांपर्यंतचं सामान घेऊन फिरणाऱ्या आणि थंडीत पंप हापसणाऱ्या बाईला हौशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

६ एप्रिल, शनिवार

काल सकाळी १०:२३ ला भूकंप. न्यू जर्सीत केंद्र, ४.८. कपाटावरची पेटी थरथरली. मी आधी काचा पकडल्या, मग मुलाला हाक मारली. हे घरात सांगू नये.

आज काच २. एस ५१ बसने हायलन बुलवार्डच्या टोकाला. क्लिअर कम्फर्ट आता संग्रहालय आहे, वेलींनी झाकलेलं, बुटकं, लांबोडकं. अंगणातून दक्षिणेला बघितलं की ती बाई आणि मी यांच्या मधे एक वस्तू येते ती म्हणजे व्हेराझानो पूल. १९६४. मधला गाळा ४,२६० फुटांचा. तिच्या फोटोंत जिथे नुसतं आकाश आणि शिडं, तिथे आता हे पोलादी तोरण. (त्या पुलाच्या नावात एक झेड कमी लिहिला गेला होता. तो २०१८ मध्ये रीतसर घालण्यात आला. चोपन्न वर्षं!)

पूल टाळून चौकट बसवायला अर्धा तास घालवला. मग लक्षात आलं की टाळायचं कशाला. तिनेही चौकटीत आलेलं जहाज कधी हाकललं नाही. पुलासकट घेतला. एफ १६, अर्धा सेकंद. आकाश पांढरंफेक आलं, कारण निळ्याला ही काच अधाशासारखी खाते. तिच्या बऱ्याच फोटोंतलं कोरं आकाश तसंच आलं असावं.

८ एप्रिल, सोमवार

सूर्यग्रहण. इथे सुमारे ९० टक्के, ३:२५ ला. ऑफिसातून लवकर निघाले. काच ३ धक्क्यावर उभ्या माणसांची, सगळ्यांच्या डोळ्यांवर पुठ्ठ्याचे चष्मे. ॲलिसला हा प्रकार फार आवडला असता. एफ ८, अर्धा सेकंद. चुकले. उजेड दहावा हिस्सा उरला होता, म्हणजे सेकंदाच्या वर हवा होता. माणसं भुतासारखी आलीत.

उद्या पाडवा. गुढीचा तांब्या आज डेव्हलपर ढवळायला वापरला नाहीस ना, असं सासूबाईंनी फोनवर विचारलं. नाही वापरला.

१८ मे, शनिवार

मधला महिना नोकरीने खाल्ला.

काच ४, साउथ बीच, ढगाळ. क्षितिजाजवळ दोन ठिपके म्हणजे हॉफमन आणि स्विनबर्न. दोन्ही बेटं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भराव टाकून केलेली, विलगीकरणासाठी. जहाजावर साथीचा आजारी निघाला की तो स्विनबर्नवर, आणि त्याच्यासोबतचे, नुसता संशय असलेले, हॉफमनवर. आता तिथे कुणाला जाऊ देत नाहीत. पक्षी राहतात, हिवाळ्यात सील येतात.

ही बेटं का करावी लागली ती गोष्ट आमच्या बेटाला शोभत नाही. आधी विलगीकरणाचं इस्पितळ स्टेटन आयलंडवरच, टॉम्पकिन्सव्हिलला होतं. पिवळ्या तापाच्या भीतीने चिडलेल्या इथल्या लोकांनी सप्टेंबर १८५८ मध्ये दोन रात्री लागोपाठ जाऊन ते जाळून टाकलं. आग लावणारे दारुडे टोळभैरव नव्हते, गावातली प्रतिष्ठित मंडळी त्यात होती.

पुढे बंदराचे आरोग्य अधिकारी डॉ. ॲल्व्हा डोटी यांच्यासाठी ॲलिसने या विलगीकरण केंद्राचे फोटो काढले, १८९० च्या दशकापासून पुढे दहाएक वर्षं. कपडे वाफवण्याच्या टाक्या, प्रयोगशाळा, बोटी, उतरलेली माणसं. १९०१ मध्ये बफेलोच्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनात ते मांडले गेले. माझ्या मते हे तिचं सगळ्यात कमी बघितलं गेलेलं आणि सगळ्यात पक्कं काम आहे. मैत्रिणींचे फोटो लोकांना गोड वाटतात, पण वाफेच्या टाकीचा फोटो नीट काढणं अवघड. वाफ आणि पत्रा दोन्ही काचेवर आले पाहिजेत.

हे वाचताना मुंबई डोक्यातून जात नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत तिथेही कॅमेरे फिरले: घरं धुणारी पथकं, स्टेशनावर प्रवाशांची तपासणी. त्याच वर्षांत इकडे ही बाई हॉफमन बेटावर तिपाई रोवत होती. दोन्हीकडे फोटो तपासणाऱ्यांच्या बाजूने उभं राहून काढलेला. पुण्याच्या घरात वाढलेल्या मला रँडचं नाव शाळेपासून पाठ, त्यामुळे हॉफमनवरच्या रांगेतल्या बायकांचे चेहरे मी जरा जास्तच वेळ बघते.

१५ जून, शनिवार

आज मॅनहॅटन. फेरीला तिकीट नाही, १९९७ पासून. पंचवीस मिनिटं. ॲलिसही याच पाण्यावरून यायची.

१८९६ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच्या माणसांचा एक संच छापून काढला. बूटपॉलिशवाली पोरं, चिंध्या वेचणारे, पेपर विकणारी मुलगी, पोस्टमन, पोलीस, झाडूवाले. संचात नाव धंद्याचं, माणसाचं नाही. आपल्याकडे पहिलीच्या वर्गात 'आपले मदतनीस' नावाचा तक्ता असायचा, तसं. तिच्या बेटावरच्या फोटोंत मात्र ट्रूड, व्हायोलेट, ज्युलिया, सगळ्या नावानिशी, आणि सगळ्या खट्याळ. फेरी ओलांडली की नावं गळतात. तिला दोष देत नाहीये. फुल्टन मासळीबाजारात त्या काळात एकटी बाई कॅमेरा घेऊन उभी राहिली हीच मोठी गोष्ट. पण फरक दिसतो, आणि एकदा दिसला की दिसतच राहतो.

फुल्टनचा बाजार २००५ मध्ये ब्राँक्समध्ये हलवला. म्हणून हेस्टर स्ट्रीटला गेले, जिथे तिने १८९५ मध्ये अंड्यांचा ठेला टिपला होता. आता बहुतेक पाट्या चिनी. एका फळवाल्या काकूंना विचारलं, फोटो काढू का, अर्धा सेकंद हलायचं नाही. त्यांनी माझ्याकडे, मग लाकडी कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हाताने सरळ 'नाही' केलं. मी एक डझन लिची घेतल्या. तरीही नाही. योग्यच आहे.

१८९६ च्या काचा आणि शटर इतके वेगवान होते की ॲलिस चालता माणूस टिपू शकायची. माझ्या काचेला परवानगी लागतेच. काच ५ मोकळ्या फुटपाथची, खोक्यांची. एफ ११, पाव सेकंद.

त्याच १८९६ मध्ये व्हायोलेट वॉर्डचं बायकांसाठीचं सायकलचं पुस्तक आलं. त्यातली चित्रं ॲलिसच्या फोटोंवरून केलेली: सायकलवर चढावं कसं, उतरावं कसं, उलटी करून पाना कसा मारावा. एक वर्ष, दोन हातखंडे. परतीच्या फेरीवर हेच डोक्यात.

६ जुलै, शनिवार

काच ६ गेली. रोझबँकचं सेंट जॉन्स चर्च, ट्रूडच्या वडिलांचं. फोटो उत्तम होता, होता असंच म्हणायचं. नळाचं पाणी या उकाड्यात कोमट येतं. धुताना जिलेटिन काठाकडून सुटायला लागलं, दुधावरच्या सायीसारखं, आणि शिखर घडी पडून ट्रेमध्ये तरंगलं.

काका: "बर्फ नाही घातलास?"

"सांगितलं नाहीत तुम्ही."

"कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये आम्ही पहाटे चारला धुलाई करत होतो. मला वाटलं अमेरिका गार."

१३ जुलै, शनिवार

काच ७. बसने ब्रेक मारला, पिशवी सीटवरून खाली. तुकडे तीन. उघडलीच नाही, पाकिटावर फक्त 'फुटली' लिहिलं.

६ ऑगस्ट, मंगळवार

आज तारीख चुकवायची नव्हती. रात्री अकरा. पाऊस. माझी मैत्रीण जर्सी सिटीहून परकर घेऊन आली, आईच्या जुन्या साडीखालचा, नाडीवाला. मुखवटे मुलाच्या हॅलोविनच्या खोक्यातले. सिगारेट म्हणून बडीशेपेच्या गोळ्यांची कांडी.

१८९१ मध्ये मॅग्नेशियमची पूड भक्कन पेटायची आणि काम व्हायचं. माझा फ्लॅश या काचेला काजव्याएवढा. काकांनी हिशेब करून दिला: लेन्स उघडी ठेव, अंधार कर, किमान बारा वेळा फ्लॅश मार, आणि तोवर हलू नका. शेजारी नवरा फ्लॅश घेऊन. पाचव्याला तो म्हणाला, "झाले का सात?" आठव्याला मैत्रीण फुटली. हसू दाबायला गेली आणि तिचा खांदा हलला.

काच ८. धुऊन बघितली तर तिला तीन हात आहेत. मी त्यातल्या त्यात स्थिर, म्हणून कंटाळवाणी. तिच्या तीन हातांमुळेच फोटोत जीव आहे.

पाकीट: ६ ऑगस्ट २०२४, मंगळवार, रात्री ११. ती आणि मी, मुखवटे, परकर. फ्लॅश बारा. ११ फूट. एफ ५.६.

हे लिहिल्यावर कळलं, ॲलिसने जास्त का लिहिलं नसेल. जास्त लिहायची गरजच नसते, खोलीत कोण होतं ते ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत असतं.

३१ ऑगस्ट, शनिवार

गर्ट्रूड टेट. आजवर टाळत होते, कारण अंकात हे कसं लिहायचं ते सुचत नव्हतं. सरळ लिहिते.

१८९० च्या दशकाच्या शेवटी कॅट्सकिलच्या डोंगरात एका सुटीत दोघी भेटल्या. गर्ट्रूड ब्रुकलिनची, बालवाडीत आणि नाच शिकवायची. १९१७ मध्ये ती घरच्यांचा विरोध मोडून क्लिअर कम्फर्टला राहायला आली. ओळख झाल्यापासून पन्नासहून अधिक वर्षांची सोबत. १९२९ च्या पडझडीत ॲलिसचे पैसे गेले. गर्ट्रूडच्या शिकवण्या, अंगणात चहाची टपरी (इंग्रजीत टी-रूम, पण टपरीच ती), घर गहाण. १९४५ मध्ये घर सुटलं. उरलंसुरलं सामान ६०० डॉलरला एका जुन्या सामानवाल्याला दिलं. काचा मात्र तिने तशा जाऊ दिल्या नाहीत. बेटाच्या इतिहास मंडळाच्या लोरिंग मॅकमिलन यांना बोलावून घेतलं आणि ते पेट्या घेऊन गेले. त्यामुळे आज आपल्याला काही दिसतं.

१९५० मध्ये ॲलिस, संधिवाताने चाकाच्या खुर्चीत, शहराच्या गरीबखान्यात भरती झाली, त्याचं नाव फार्म कॉलनी. गर्ट्रूडच्या नातलगांनी गर्ट्रूडला घरात घेतलं, ॲलिसला नाही. गर्ट्रूड दर आठवड्याला भेटायला यायची.

१९५१ मध्ये ऑलिव्हर जेन्सन नावाचे संपादक अमेरिकन बायकांच्या इतिहासासाठी फोटो शोधत होते. त्यांना काचा सापडल्या, आणि मग कळलं की बाई अजून आहे. 'लाइफ' मासिकात फोटो छापून आले, आलेल्या पैशांतून तिला खासगी शुश्रूषागृहात हलवलं. ऑक्टोबरमध्ये तिच्या नावाने एक दिवस साजरा झाला. ९ जून १९५२ ला ती गेली. दोघींना शेजारी पुरावं अशी त्यांची इच्छा होती. घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. गर्ट्रूड दहा वर्षांनी, १९६२ मध्ये गेली आणि तिला ब्रुकलिनला पुरलं.

आज काच ९, फार्म कॉलनी. १९७५ मध्ये बंद झाली, आता कुंपणापलीकडे पडक्या भिंती आणि वाढलेली झाडं. कुंपणाच्या जाळीला लेन्स टेकवली. एफ ११, एक सेकंद. एक खिडकी आली आहे, चौकटीसकट, काच नसलेली.

ताईंना मसुदा पाठवला. त्यांचा निरोप: "गर्ट्रूडला 'मैत्रीण' लिहू का?" मी कळवलं, "जोडीदार लिहा." थोड्या वेळाने अंगठा आला.

२१ सप्टेंबर, शनिवार

शेवटची काच. क्लिअर कम्फर्टचं अंगण, दुपारी साडेचार, ढग. एक कंटेनरचं जहाज पुलाखालून आत येत होतं. तिच्या वेळी इथून शिडाची जहाजं, आणि डेकवर दाटीवाटीने उभी राहून किनारा बघणारी माणसं. या जहाजावर माणूस दिसलाच नाही. एफ ११, एक सेकंद. जहाज तेवढ्यात सरकलं असणार, सरकू दे.

घरी बर्फ तयार ठेवला होता. लाल दिवा, कोपरा ओठाला, पाच मिनिटं, हायपो. मग बर्फाचं पाणी, ट्रे बदलून बदलून. आज पुरी पंचवीस पाणी करायची असं ठरवलं होतं. काका फोनवर मोजत होते आणि मधेच मुलाशी दुधाच्या हिशेबावरून बोलत होते.

"किती झाली काका?"

"तेवीस."

"मघाशी तेवीस म्हणालात."

"मग चोवीस धर. बोटं बधिर झाली काय?"

"झाली."

"ट्रे हलवत राहा."